अंदमानला निघालेल्यांचे सारंगकाका

"पवाला येतं का?"

आमच्या ऑफिसात कुणी अंदमानची चौकशी करायला आलं की खिडकीजवळच्या खुर्चीतून पहिला प्रश्न हा यायचा. पवाला म्हणजे पोहायला. भाव, हॉटेल, जेवण, विमान हे सगळं नंतर. समोरचा माणूस जरा गोंधळायचा, मग बहुतेक जण छाती काढून "हो, येतं की" म्हणायचे. त्यावर काकांचा चेहरा पडायचा.

"कुठं शिकलाव? दर्यान का विहिरीन?"

"विहिरीत."

"मंग तिकडं गेल्यावर इसरून जावा. तिकडं तुमाला पवाला येत न्हाय."

आणि एखादी बाई लाजत म्हणाली, "नाही हो, मला पाण्याची भीतीच वाटते," की काका खूश. "बेस," म्हणायचे, आणि तिच्याकडे बघून असे हसायचे की जणू तिनं मोठी परीक्षा पास केली आहे.

त्यांचं नाव हरिश्चंद्र तरे. पण ते नाव मी फक्त त्यांच्या तिकिटावर टाईप केलं, एकदाच. बाकी सगळ्यांसाठी ते सारंगकाका. सारंग म्हणजे बोटीवरच्या खलाशांचा मुकादम; लहान बोट असेल तर ती चालवणाराही तोच. अंदमानात बेटाबेटांमध्ये माणसं आणि सामान नेणाऱ्या सरकारी बोटींवर त्यांनी चोवीस वर्षं काढली होती. मूळचे भिवंडीजवळच्या आपल्या कोनचे. तरुणपणी खाडीत रेतीच्या होडीवर कामाला होते, तिथून कुणाच्या तरी ओळखीनं कलकत्त्याला गेले आणि कलकत्त्याहून पाण्यापाण्यानं पोर्ट ब्लेअरला. रिटायर होऊन परत आले तेव्हा कोनच्या शेतांवर गोदामं उभी राहिली होती, मुलं त्या व्यवहारात रमली होती, आणि काकांना दिवसभर करायला काही नव्हतं.

मी तेव्हा भिवंडीत, कल्याण नाक्याजवळच्या एका लहानशा टूर्सच्या ऑफिसात कामाला होते. बी.कॉम. होऊन दोन वर्षं झाली होती. टेमघरहून चालत यायचे. मालक शेखरदादा, सरळ स्वभावाचा पण घायकुतीला आलेला माणूस. वडिलांसारखी कारकुनी करायची नाही म्हणून त्यानं हा धंदा काढला होता. मी, तो, एक कॉम्प्युटर, आणि काचेवर चिकटवलेलं निळ्या समुद्राचं मोठं पोस्टर. एवढंच ऑफिस.

त्या पोस्टरमुळेच काका आत आले. दोन हजार एक साल असेल. पांढरा शर्ट, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, पायात मोज्यांशिवाय कॅनव्हासचे बूट. बाहेर उभे राहून बराच वेळ पोस्टर बघत होते. मला वाटलं, बुकिंग आहे.

"बाय," ते दार ढकलून म्हणाले, "या फोटोन ही मानसं उबी हायत ना, तिथं ओहोटीला पानी पाय ओढून नेतं. तुमी लोकांना तिथंच नेताव का?"

मी म्हटलं, "काका, तो नुसता फोटो आहे."

"नुसता न्हाय. मना ती जागा म्हाईत हाय."

मग त्यांनी टेबलावरचा आमच्या सहलीचा छापील कागद उचलला, चष्मा लावला आणि उभ्या उभ्या वाचला. वाचून झाल्यावर बोट ठेवलं ते शेवटच्या दोन दिवसांवर. आम्ही हॅवलॉक बेट शेवटी ठेवलं होतं: तिथे मुक्काम, संध्याकाळच्या बोटीनं परत, दुसऱ्या सकाळी विमान.

"हा उलटा हाय. लांबचा बेट पयल्यांदा करायचा, पोर्ट ब्लेअर शेवटाला. वारा सुटला की बोट बंद. बोट बंद झाली तर इमान काय तुमच्यासाठी थांबनार?"

शेखरदादा आतून आला, त्यानं ऐकून घेतलं, "हो हो, बघू" म्हणाला आणि काका गेल्यावर माझ्याकडे बघून हसला. पुढच्याच महिन्यात आमचा आठ जणांचा ग्रुप हॅवलॉकला अडकला. वारा होता, दोन दिवस बोट सुटली नाही, विमान गेलं. शेखरदादानं त्या दोन दिवसांत फोनवर काय काय ऐकून घेतलं ते मी समोर बसून बघितलं आहे. तिसऱ्या दिवशी तो मला घेऊन रिक्षानं कोनला गेला. तरे आडनावाची अर्धा गाव माणसं. "बोटीवाले तरे" म्हटल्यावर घर सापडलं.

काकांनी काही आढेवेढे घेतले नाहीत. म्हणाले, "येतो. पन एक खुर्ची द्या, खिडकीजवळ. मना बंद जागेन बसवत न्हाय."

तेव्हापासून सकाळी दहाला ते हजर. येताना स्टीलच्या थर्मासमध्ये काळा चहा आणायचे, त्यात लिंबू पिळलेलं. आमचा टपरीवरचा दुधाचा चहा त्यांना चालायचा नाही. खुर्चीत बसण्याआधी दारात उभं राहून आभाळाकडे एकदा बघून घ्यायचे. भिवंडीच्या आभाळात बघण्यासारखं काय असतं? वायरी, पतंग आणि धूर. पण ते नीट बघायचे, मान हलवायचे आणि मगच बसायचे. कधी पाऊस येणार म्हणाले तर यायचा. कधी यायचाही नाही. तेव्हा म्हणायचे, "हितली हवा मना आता वलखत न्हाय."

सहलीला जाणाऱ्याला ते समोर बसवायचे आणि एकेक गोष्ट सांगायचे. त्यांचं सांगणं पुस्तकातलं नसायचं. जुने कॅनव्हासचे बूट न्या, पाण्यात अनवाणी उतरू नका, प्रवाळ ब्लेडसारखं कापतं आणि ती जखम लवकर भरत नाही. सुंदर दिसला म्हणून प्रवाळाचा तुकडा खिशात घालू नका. विमानतळावर बॅग उघडतात, आणि नाही उघडली तरी ती त्या दर्याची वस्तू आहे. किनाऱ्यावर वाळूत लोळायचं असेल तर आधी अंगाला खोबरेल चोळा, नाहीतर डोळ्याला न दिसणाऱ्या माश्या चावतात आणि आठवडाभर खाजवत बसाल. नारळाच्या झाडाखाली सावलीला बसू नका, वर बघून बसा. जंगलातल्या रस्त्यानं गाडी जाताना तिथली आदिवासी माणसं दिसली तर फोटो काढू नका, बिस्किटं फेकू नका. "तेंच्या घरातना आपुन चाल्लोय. आपल्या ओटीवरना कोन अशी बिस्किटं फेकीत गेला तर चालंल का?"

बोट कुणाला लागणार हे ओळखायची त्यांची स्वतःची रीत होती. "येस्टीनं पडघ्याला जाताना मलमलतं का?" असं विचारायचे. मळमळतं म्हटलं की लगेच सांगायचे: बोट सुटायच्या अर्धा तास आधी गोळी, पोटात थोडे चुरमुरे, पोट रिकामं ठेवायचं नाही आणि भरायचंही नाही, बोटीच्या मधोमध बसायचं, आणि नजर लांब, पाणी आणि आभाळ मिळतात तिथे. "मोबाईलकडं बघायचा न्हाय. तसा बी तो तिकडं नुसता घड्याल."

सगळ्यात जास्त ते अंधाराबद्दल बोलायचे. आपलं घड्याळ आणि तिथलं घड्याळ एकच, पण सूर्य निराळा. पहाटे पाचला लख्ख उजाडतं आणि हिवाळ्यात संध्याकाळी पाच-सव्वापाचला अंधार. आपले लोक सवयीनं आठला उठतात, अकराला बाहेर पडतात आणि मग म्हणतात, काही बघायलाच मिळालं नाही. "चारला उठा," काका म्हणायचे. "घरी झोपायला आख्खा जनम हाय."

मी हे सगळं हळूहळू टाईप करत गेले. त्याचं दोन पानी पत्रक झालं आणि पुढे शेखरदादा ते प्रत्येकाच्या तिकिटाला टाचून द्यायला लागला. काकांना पत्रक पटलं नाही. "कागद बॅगेन ऱ्हातो. सांगितलेला कानान ऱ्हातो," म्हणाले.

त्या वर्षांत आमच्याकडे कापडाच्या लूमवाल्यांची कुटुंबंही यायला लागली होती. सलीमभाई म्हणून एक कारखानदार होते, ते अकरा जणांना घेऊन निघाले होते. त्यात त्यांची आई, सत्तरीच्या पुढची. मुलं, सुना सगळे हौसेनं चौकशी करत होते आणि अम्मी एका कडेला गप्प बसल्या होत्या. काकांनी सगळ्यांना थांबवलं आणि खुर्ची ओढून अम्मींसमोर बसले.

"अम्मी, आप को जाना है ना? कि ये लोग ले जा रहे हैं?"

अम्मी हसल्या. म्हणाल्या, जायचं आहे, पण नमाजाचं कसं होणार? बोटीवर दिशा कशी कळणार, वेळ कशी कळणार?

काकांनी सगळं सांगितलं. तिथली वेळ इथल्या वेळेनं धरू नका, सूरज जल्दी डूबता है, पाचलाच मगरिबच्या, संध्याकाळच्या नमाजाची तयारी ठेवा. बोटीवर सारंगला विचारा, पश्चिम कुठे ते तो झोपेतसुद्धा सांगेल. बोट वळते, म्हणून सुरू करण्याआधी विचारा आणि बसूनच पढा, डेकवर उभं राहू नका. "मेरे बोट पे भी लोग पढ़ते थे. मैं बोट सीधा रखता था उतना टाइम."

"सच?" अम्मी म्हणाल्या.

"दस मिनट का तो बात है. समंदर बड़ा है, दस मिनट सीधा चलने में क्या जाता है?"

परत आल्यावर सलीमभाई मुद्दाम ऑफिसात सांगायला आले. अकरा जणांत अम्मी एकट्या अशा निघाल्या की ज्यांना बोट लागली नाही, ऊन लागलं नाही, काही चावलं नाही. त्यांनी काकांचा एक शब्दही मोडला नव्हता.

पण सगळी माणसं अम्मींसारखी नसतात. एका नवऱ्यामुलाच्या वडिलांनी शेखरदादाकडे तक्रार केली. म्हणाले, "माझी सून घाबरली हो. मधुचंद्राला चाललेत, आणि हा म्हातारा पाऊण तास बुडण्याच्या गोष्टी सांगतोय. आम्ही गोव्याचं बघतो." त्यांनी खरंच बुकिंग काढून घेतलं. शेखरदादा चिडला. काकांना म्हणाला, "काका, थोडं आवरा. चांगलं चांगलं सांगा ना. पाणी किती निळं आहे ते सांगा."

काका थर्मासचं झाकण लावत बसले. शेखरदादा बाहेर गेल्यावर मी उगाच म्हटलं, "जाऊ दे काका, त्याचं टेन्शन निराळं असतं."

"तेचा काय चुकलं न्हाय," ते म्हणाले. आणि मग खिडकीबाहेर बघत त्यांनी मला एक जुनी गोष्ट सांगितली. मध्ये एक-दोनदा फोन वाजला, मी उचलला नाही.

त्यांना सारंग होऊन दोन-तीन वर्षं झाली होती. एका बेटावर लहान बोट घेऊन चालले होते. बोटीवर एक शाळेतल्या बाई होत्या, चाळिशीच्या, आणि त्यांचे म्हातारे वडील. देशावरचे कुठले तरी. वडिलांना जेलचं दर्शन घ्यायचं होतं म्हणून लेक त्यांना घेऊन आली होती, आणि आलोच आहोत तर एक बेट बघू म्हणून बोटीत बसले होते. इतक्या लांब मराठी माणूस भेटला म्हणून काका हरखून गेले. दोन तास गप्पा मारल्या. बाईंनी डब्यातली चकली दिली. बेटावर उतरताना बाईंनी विचारलं, किती वेळ थांबणार? काका म्हणाले, एक तास. आणि ते इंजिनाकडे वळले.

बाई वाळूतून चालत टोकाच्या खडकांकडे गेल्या. पाय धुवायला उतरल्या असतील. त्या खडकांच्या पलीकडे तळच नाही, एकदम खोल. तिथल्या प्रत्येक खलाशाला ते माहीत होतं.

"दुसऱ्या दिशी गावली," काका म्हणाले. "तिचा बापूस जेटीवर बसलेला. मना इचारलान, 'तुम्हाला माहीत होतं का तिथं खोल आहे ते?' मी बोल्लो, हाय. म्हाईत होता. तो मानूस वरडला न्हाय, काय न्हाय. नुसता बोल्ला, 'मग सांगायचं होतंत.'"

काकांनी थर्मासचं झाकण पुन्हा काढलं.

"दोन तास बोल्लो ना मी तिच्याशी. गाव कनचा, शाला कनची, पोरं किती. सगला बोल्लो. तेवढाच न्हाय बोल्लो. तिनं इचारला न्हाय, म्हनून मी सांगितला न्हाय."

मी तेव्हा चोवीस-पंचवीसची. मी त्यांच्या पेल्यात चहा ओतला, त्यांनी तो प्यायला, आणि पुढचं गिऱ्हाईक आलं. काकांनी विचारलं, "पवाला येतं का?" त्या दिवसानंतर त्यांना आवरतं घ्यायला सांगायची मला कधी इच्छा झाली नाही. शेखरदादालाही मी ती गोष्ट सांगितली. तो पुन्हा त्या विषयावर बोलला नाही.

दोन हजार चारच्या डिसेंबरात आमचा नऊ जणांचा ग्रुप अंदमानला गेला. पडघ्याचे गुरुनाथ पाटील, त्यांचा खतांचा आणि बियाण्यांचा व्यवसाय, त्यांची बायको, दोन भाऊ, भावजया आणि मुलं. काकांनी त्यांना सगळं सांगितलं होतं, आणि दिवसही काकांनीच लावून दिले होते. लांबचं बेट आधी. रविवारी सकाळी सहाच्या बोटीनं हॅवलॉक.

तो रविवार म्हणजे नाताळचा दुसरा दिवस. सकाळी उशिरा मी घरी टीव्ही लावला आणि तळाशी धावणाऱ्या बातम्यांत भूकंप, समुद्राच्या लाटा आणि अंदमान हे शब्द वाचले. तेवढ्यात शेजारच्यांकडे माझ्यासाठी फोन आला. काका होते, नाक्यावरच्या पीसीओवरून.

"बाय, ऑफिसाचं शटर उघड. मी हितं उबा हाय."

मी गेले तेव्हा ते बंद शटरला हात लावून उभे होते. कोनहून कसे आले, कोण जाणे. त्या दिवशी त्यांनी आभाळाकडे बघितलं नाही. आम्ही फोन लावत बसलो. हॉटेल, एजंट, जेटी, पोलीस. एकही लागत नव्हता. दुपारपर्यंत पाटलांच्या घरची माणसं पडघ्याहून जीप करून आली. गुरुनाथरावांची आई आली होती. ती जमिनीवरच बसली. काकांना म्हणाली, "तुमी तिथं ऱ्हायलेलं ना? सांगा ना मग. काय झाला असंल?"

सगळे काकांकडे बघत होते. काकांनी ओठ पुसले. म्हणाले, "माय, बोट सहाला सुटली असंल तर ती खोल पान्यान हाय. खोल पान्यान लाट उचलते आनि सोडते. बोटीला काय होत न्हाय."

"आनि सुटली नसंल तर?"

काका उठून तिच्या शेजारी जमिनीवर जाऊन बसले. संध्याकाळी तिला जीपमध्ये बसवून दिलं तोपर्यंत ते तिथेच होते.

सोमवारही तसाच गेला. मंगळवारी दुपारी फोन वाजला, शेखरदादानं उचलला, आणि तो नुसता "हो, हो, हो" म्हणत राहिला. त्याच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, त्यामुळे चांगलं की वाईट ते आम्हाला कळेना. गुरुनाथराव बोलत होते, चेन्नईहून. नऊच्या नऊ सुखरूप. बोट वेळेवर सुटली होती. पाण्यावर त्यांना फार काही जाणवलंही नाही; पण बेटाजवळ गेल्यावर कप्तानानं बोट धक्क्याला लावली नाही, दिवसभर लांब पाण्यातच उभी ठेवली. पोर्ट ब्लेअरला परत आल्यावर एका शाळेच्या व्हरांड्यात दोन रात्री काढल्या आणि मिळेल त्या विमानानं चेन्नई गाठली.

आठवड्याभरात गुरुनाथराव सगळ्या कुटुंबाला घेऊन ऑफिसात आले. पेढे, शाल, नारळ. त्यांच्या आईनं काकांच्या पाया पडायला हात पुढे केला. काका खुर्चीतून एकदम उठून मागे सरले, भिंतीला लागले.

"माय, असा नका करू. मी न्हाय वाचवला."

"तुम्हीच सहाची बोट सांगितली होती," गुरुनाथराव म्हणाले. "शेजारच्या हॉटेलातले लोक आठला उठून किनाऱ्यावर गेले होते."

"मी सहाची सांगितली ती ऊन लागू नये म्हनून. लाटेचा मना म्हाईत न्हवता." ते शेखरदादाकडे वळले. "पानी असा मागं जातो आनि येतो, हा मना कवाच कोनी सांगितला न्हाय. चोवीस वर्सं मी त्या पान्यावर काढली. मना म्हाईत न्हवता."

शाल त्यांनी घेतली नाही. पेढा मात्र घेतला, म्हातारीच्या हातून.

दुसऱ्या दिवसापासून ते आले नाहीत.

तसंही अंदमानला कुणी जात नव्हतं. शेखरदादानं काचेवरचं पोस्टर काढून केरळचं लावलं. खिडकीजवळची खुर्ची तिथेच होती, गिऱ्हाइकं तिच्यावर बॅगा ठेवायची. मी दोन-तीनदा कोनला जाऊन आले. काका ओटीवर बसलेले असायचे. हट बे नावाच्या तिथल्या बंदरगावात त्यांच्या बरोबरीचे काही लोक राहायचे. त्यांच्यापैकी दोघांची खबर लागली, बाकीच्यांची नाही, एवढंच त्यांनी सांगितलं. इकडच्या तिकडच्या गोष्टी व्हायच्या. मी "या ना ऑफिसात" म्हटलं की ते म्हणायचे, "येऊन काय सांगू, बाय?"

दोन वर्षांनी पुन्हा चौकश्या सुरू झाल्या. पहिलंच कुटुंब आलं तेव्हा मी पत्रक काढून त्यांना वाचून दाखवायला लागले, आणि माझ्याच लक्षात आलं की मी नुसती वाचते आहे. बूट, खोबरेल, चुरमुरे. समोरची बाई मान डोलावत होती आणि तिला काहीही पोचत नव्हतं. त्या शनिवारी मी पुन्हा कोनला गेले.

काकांनी नेहमीसारखी मान हलवली. पण त्या दिवशी आतून त्यांची बायको, हिरूकाकी, हात पुसत बाहेर आली. ही बाई तोवर माझ्याशी "चहा घेनार का" यापलीकडे बोलली नव्हती.

"चोवीस वर्सं लोकांना फिरवलान," ती मला म्हणाली, पण ऐकवत होती त्यांना. "वर्सातून येक महिना घरी यायचा. मी हितं पोरं वाढवली, शेत केला, सासूचा केला. मना कदी न्हेलान न्हाय. आता म्हनतो जायाचाच न्हाय. मंग मी बघू कवा?"

काका तिच्याकडे बघत राहिले. मला वाटतं, हे तिनं त्यांना त्याआधी कधी बोलून दाखवलं नसावं.

त्यांची तिकिटं मी काढली. तेव्हाच मला त्यांचं पूर्ण नाव कळलं, आणि हिरूकाकीचं वय त्यांच्यापेक्षा फक्त दोन वर्षांनी कमी आहे हेही. आठ दिवसांनी परत आल्यावर दोघं ऑफिसात आले. काकीचा चेहरा उन्हानं रापला होता. मी विचारलं, "कसं वाटलं, काकी?"

"चांगला हाय. पन हा मानूस मना पान्यान उतरूच देईना. हितं खोल, तिथं धार, हितं खडक. सात दिस नुसता किनाऱ्यावरना बघितला. शेवटच्या दिशी मी बोल्ली, आता मी चाल्ली. आनि गेली. गुडघ्यापर्यंत."

"मग काका ओरडले?"

"न्हाय ना. मागना आला आनि माझं मनगट धरलान. आनि उबा ऱ्हायला. घंटाभर. काय बोल्ला न्हाय." तिनं त्यांच्याकडे बघितलं. "लाट आली की घट्ट धरायचा, गेली की सैल सोडायचा."

काका खिडकीकडे बघत होते. मग ते उठले, खुर्चीवरची कुणाची तरी बॅग उचलून खाली ठेवली, आणि सोमवारपासून पुन्हा यायला लागले. आता त्यांच्या सांगण्यात दोन गोष्टींची भर पडली होती. जमीन हलली तर सामान उचलायला थांबायचं नाही, चढावर पळायचं. आणि पाणी उगाच मागे गेलेलं दिसलं तर बघत उभं राहायचं नाही. हे सांगून झालं की ते एक वाक्य न विसरता जोडायचे, "आनि मना म्हाईत न्हाय असा बी पुष्कल हाय. तिथल्या मानसांना इचारा."

दोन हजार नऊमध्ये माझं लग्न ठरलं आणि मी नाशिकला जाणार म्हणून नोकरी सोडली. शेवटच्या दिवशी शेखरदादानं सामोसे मागवले होते. निरोप वगैरे काकांना जमत नव्हतं. मला म्हणाले, "नाशकाला दर्या न्हाय, तवा तुला काय सांगायचा न्हाय," आणि हसले.

पाच वाजता मी पर्स घेऊन बाहेर पडले तेव्हा ते दारात होते. एक मध्यमवयीन जोडपं अंदमानची चौकशी करून निघालं होतं आणि रिक्षात बसत होतं. काका रिक्षाच्या दांडीला हात लावून वाकून त्यांना काहीतरी सांगत होते. रिक्षावाल्यानं गिअर टाकला, रिक्षा हळूहळू निघाली, तसे काकाही तिच्याबरोबर चालायला लागले. नाक्यावर कापडाच्या गाठींनी भरलेला टेम्पो अडकला होता, सगळे हॉर्न वाजवत होते, आणि काका एका हातानं रिक्षा धरून, दुसऱ्या हाताची बोटं हलवत, बोलत बोलत चालले होते. वाट मोकळी झाली आणि रिक्षानं वेग घेतला. त्यांचा हात सुटला. ते रस्त्याच्या मधोमध थांबले आणि दोन्ही हात तोंडाशी धरून आणखी काहीतरी मोठ्यानं ओरडले.

ते काय म्हणाले, मला त्या गोंगाटात ऐकू आलं नाही. पण रिक्षातल्या बाईंनी डोकं बाहेर काढून मागे बघितलं, आणि जोरात मान हलवली.